एका पतंगाचे मरणोत्तर वैभव

पतंग हा प्राणी आपल्या साहित्यात एकाच कामासाठी येतो, आणि ते काम म्हणजे जळून मरणे. दिवा दिसला की झेप घ्यायची, पंख पोळून घ्यायचे आणि एखाद्या कवीची चार ओळींची सोय करून द्यायची. शतकानुशतके हे काम तो इमानेइतबारे करत आला आहे. त्यापलीकडे त्याला काही खाजगी आयुष्य असेल, मुलेबाळे असतील, गावी थोडीफार जमीन असेल, असा संशयसुद्धा आपल्याला कधी आला नाही. फुलपाखराची गोष्ट वेगळी. फुलपाखरू म्हणजे लग्नातला जरीकाठी पाहुणा. त्याच्या मागे मुले धावतात, त्याची चित्रे कॅलेंडरवर येतात. पतंग म्हणजे त्याच लग्नाच्या मांडवामागून रात्रपाळीला निघालेला कारकून. लोकरीच्या स्वेटरला कसर लागली किंवा तांदळात पाखरे झाली की तेवढ्यापुरती त्याच्या कुळाची आठवण निघते, आणि ती काही चांगल्या शब्दांत निघत नाही.

मी आज ज्या पतंगाचा इतिहास सांगणार आहे, त्याच्या नशिबी दिवासुद्धा नाही. हा राहतो हिमालयात आणि तिबेटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून तीन हजार ते पाच हजार मीटर उंचीवर. जिथे झाडे "आता पुढे तुम्ही जा" म्हणून थांबतात आणि नुसते गवत वर चढत राहते, तिथे. उत्तराखंडात अशा गवताळ माळांना बुग्याल म्हणतात. आपल्याकडची पाठीवर पिशव्या बांधलेली मंडळी दर मे महिन्यात तिथे जातात आणि परत आल्यावर पुढचे सहा महिने आपल्याला फोटो दाखवतात. त्या फोटोंत डोंगर असतो, बर्फ असतो, मॅगी असते. पण हा पतंग कधी नसतो. तो तपकिरी आहे, लहानखुरा आहे, आणि संध्याकाळी गवतावरून उडतो. त्या वेळी मंडळी तंबूत अंताक्षरी खेळत असतात.

शास्त्रीय भाषेत याच्या वंशाला थिटारोडीस म्हणतात. एकच जात नव्हे, पन्नासच्या वर जाती सांगितल्या जातात. याचे घराणे फार जुने. त्या घराण्याला इंग्रज लोक भुताचे पतंग म्हणतात, कारण त्यांच्याकडच्या एका भाऊबंदाचे पांढरे नर संध्याकाळी गवतावर एका जागी तरंगत राहतात आणि चर्चच्या आवारात ते पाहिले की माणसाला उगीचच आपली पापे आठवतात. त्या भाऊबंदाला लिनियसने १७५८ साली नाव दिले. आपल्या हिमालयवासीयाला नाव मिळायला पुढे बराच काळ गेला. गरीब नातेवाइकांचे हे असेच असते.

आता याचे आयुष्य पाहा. मादी शेकडो अंडी घालते, पण कुठे नीट घरटे करून नव्हे. उडता उडता खाली गवतात टाकत जाते, लग्नात अक्षता टाकाव्यात तशी. अंड्यातून अळी निघते आणि ती जी जमिनीत शिरते ती तीन-तीन, चार-चार वर्षे वर तोंड काढत नाही. अंधारात गवताझुडपांची मुळे कुरतडायची, थंडी वाढली की आणखी खोल जायचे, ऊन वाढले की जरा वर यायचे. एवढी नोकरी करून एकदाचा कोष होतो आणि त्यातून पंख घेऊन पतंग बाहेर पडतो. आता तरी सुख? छे. पंख फुटलेल्या या पतंगाला खाण्याजोगे तोंडच नसते. अळी असताना खाल्ले त्यावर उरलेले थोडे दिवस काढायचे, तेवढ्यात लग्न उरकायचे, आणि संपले. सरकारी नोकरीत तीस वर्षे काढून निवृत्तीनंतर महाबळेश्वरला चार दिवस जावे आणि नेमके त्याच चार दिवसांत डॉक्टरांनी पथ्य सांगावे, असा हा प्रकार आहे.

पण हे झाले नशीबवान पतंगाचे. पुष्कळ अळ्यांच्या कपाळी हेही लिहिलेले नसते. त्या जमिनीत एका बुरशीचे बीजाणू असतात. ही बुरशी अळीच्या अंगात शिरते आणि आतल्या आत वाढत जाते. बाहेरची कातडी शाबूत, पाय शाबूत, डोके जागच्या जागी. आत मात्र अळी उरलेली नसते, सगळी बुरशीच असते. मरणापूर्वी ती अळी जमिनीच्या पृष्ठभागाजवळ येते आणि डोके वर करून मरते. हे बुरशीच्याच सोयीचे असते. हिवाळा सरतो, बर्फ वितळते, आणि अळीच्या डोक्यातून काडीसारखा एक तपकिरी कोंब निघून गवतात उभा राहतो. आपल्याकडे माणसाच्या डोक्यात किडा शिरला की तो वळवळतो. इथे किड्याच्याच डोक्यात काहीतरी शिरते आणि सरळ बाहेर उगवते.

या काडीला आणि तिच्याखालच्या अळीला मिळून तिबेटी लोक जे म्हणतात त्याचा अर्थ "उन्हाळ्यात गवत, हिवाळ्यात किडा". नेपाळात त्याचेच यार्सागुंबा झाले. चिनी लोक तेच उलट्या क्रमाने म्हणतात, आधी किडा आणि मग गवत. आपल्या कुमाऊं-गढवालचे लोक मात्र थेट मुद्द्यावर येतात: कीडा जडी. मला या तिन्हींत तेच नाव आवडते. किडाही आला, जडीबुटीही आली, वर काव्याचा खर्च नाही.

नावातच पाहा, शेकडो वर्षे लोकांची अशी श्रद्धा होती की हा प्राणी हिवाळ्यात किडा असतो आणि उन्हाळ्यात गवत होतो. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटायचे कारण नाही. आपल्याकडे पुढच्या जन्मापर्यंत थांबावे लागते, तिथे ऋतू बदलला की काम होते, एवढाच फरक.

आता इतिहास. आख्यायिका अशी की तिबेटातल्या गुराख्यांनी पाहिले, ही काडी खाल्ली की याक फार उत्साही होतात. याक उत्साही झाल्यावर कसा दिसतो हे मला ठाऊक नाही. पण गुराख्यांना ते चांगलेच कळले असावे, कारण पुढचा पुरावा लेखी आहे. झुरखर न्यामन्यी दोर्जे नावाचा तिबेटी वैद्य पंधराव्या शतकात होऊन गेला, १४३९ ते १४७५. त्याने या औषधाचे गुण सांगणारा मजकूर लिहून ठेवला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ साधारण "वाजीकरण गुणांचा सागर" असा होतो. म्हणजे ज्या विषयावर आपल्याकडची पुरुष मंडळी पानाच्या ठेल्यावर आवाज खाली आणून बोलतात, त्यावर या गृहस्थाने सागर लिहिला आणि तो अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेला. औषधाचा आणि आयुर्मानाचा संबंध वाचकांनी आपापल्या जबाबदारीवर जोडावा.

पुढे हा किडा पेकिंगच्या दरबारात पोचला. तिथे दोमिनिक पारनाँ नावाचे एक फ्रेंच जेझुइट पाद्री होते. बादशहाला विज्ञान शिकवणे, भाषांतरे करणे आणि जमल्यास ख्रिस्ती धर्म सांगणे अशी त्यांची नोकरी. प्रवासाने हे पाद्रीबुवा अगदी खंगले, अन्न जाईना. तेव्हा त्यांना या औषधाची कृती सांगण्यात आली. बदक घ्यावे, त्याच्या पोटात हे मूळ भरावे, मंद आचेवर शिजवावे, मग मूळ काढून टाकावे आणि आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ बदक खावे. पाद्रीबुवांनी तसे केले आणि त्यांची भूक परत आली, शक्ती परत आली. आता दहा दिवस दोन्ही वेळा मंद आचेवर शिजलेले बदक मिळाले तर शक्ती यायला किडा कशाला हवा, हा प्रश्न माझ्या मनात आला. पाद्रीबुवांच्या मनात तो आला नाही. त्यांनी नमुने पॅरिसला पाठवून दिले.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीत १७२६ साली रेओम्यूर या मोठ्या शास्त्रज्ञाने ते सभेपुढे ठेवले. पाद्रीबुवांच्या लेखी ते मूळ होते. पिवळ्या किड्यासारखे दिसणारे, डोके, डोळे, पाय सगळे असलेले, पण मूळ! डोळे आणि पाय असलेली गोष्ट किडाच असू शकते, असे म्हणायला धाडस लागते. विशेषतः आपण त्याचे बदक खाऊन बसलेलो असलो तर.

खरा उलगडा व्हायला आणखी शंभरावर वर्षे लागली. आगोस्तिनो बास्सी या इटालियन माणसाने १८३५ साली दाखवून दिले की रेशमाच्या किड्यांचा एक रोग बुरशीमुळे होतो. म्हणजे जिवंत किड्याला बुरशी मारू शकते हे सिद्ध झाले. मग १८४३ साली इंग्लंडातल्या माइल्स बर्कली यांनी आमच्या या काडीला बुरशी म्हणून रीतसर शास्त्रीय नाव दिले. हे बर्कलीसुद्धा पाद्रीच. आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळ झाला, तो रोग बुरशीने आला हे १८४६ साली ठासून सांगणारे ते हेच. बुरशी या विषयाचा मक्ता पाद्र्यांनी का घेतला होता कोण जाणे. रविवारचे प्रवचन सोडले तर आठवड्यात सवड बरी मिळत असावी. पुढे १८७८ साली साक्कार्दो यांनी नाव बदलून कॉर्डिसेप्स केले, आणि २००७ साली ओफिओकॉर्डिसेप्स झाले. मुंबईतल्या रस्त्यांची नावेसुद्धा याहून फार वेळा बदलत नाहीत.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? या साऱ्या इतिहासात वैद्य आले, बादशहा आला, दोन पाद्री आले, बदक आले, बुरशीला तीन-तीन नावे मिळाली. पण पतंगाचा पत्ता नाही! ज्याच्या देहावर हा सगळा संसार उभा राहिला त्याला कोणी विचारलेच नाही. विवाहपत्रिकेवर छापखान्याचे नाव असते आणि मुलीच्या आईचे राहून जाते, तसे.

मग आले १९९३ साल. त्या वर्षी चीनच्या मुलींनी स्टुटगार्टच्या जागतिक मैदानी स्पर्धेत लांब पल्ल्याच्या शर्यती जिंकल्या. सप्टेंबरात पेकिंगला वांग जुनश्या ही मुलगी दहा हजार मीटर २९ मिनिटे ३१.७८ सेकंदांत धावली. आधीचा विक्रम तिने एकदम ४२ सेकंदांनी मोडला, आणि तिचा विक्रम मोडायला २०१६ साल उजाडले. सारे जग विचारू लागले, हे कसे? त्यांचे प्रशिक्षक मा जुनरेन म्हणाले, कासवाचे रक्त आणि हा किडा! झाले. पुढे २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या तोंडावर रक्ततपासणीनंतर त्यांच्या बहुतेक धावपटूंना संघातून वगळण्यात आले, ही बातमी मात्र किड्याच्या गिऱ्हाइकांपर्यंत तितक्या वेगाने पोचली नाही. अफवा दहा हजार मीटर धावते. खुलासा स्टेशनवर रिक्षा शोधत असतो.

भाव वाढू लागला तो वाढतच गेला. चीनमधल्या मोठ्या शहरांत उत्तम प्रतीचा किडा सोन्याहून महाग विकला गेला आहे. तिथे तो भेट म्हणून देतात, साहेबाला खूश करायला देतात. आपल्याकडे दिवाळीत काजूकतली जाते त्या मार्गाने तिथे मेलेल्या अळ्या जातात. वजन भरावे म्हणून आत शिसे खुपसणारे आणि मोडलेले तुकडे काडी घालून जोडणारे कारागीरही निपजले. २०१६ साली खुद्द चीनच्या अन्न व औषध खात्याने इशारा दिला की या किड्यात आर्सेनिक फार आहे, जपून खा. आर्सेनिक म्हणजे सोमल. म्हणजे लोक सोन्याच्या भावाने सोमल घेत होते.

ही लाट आमच्या सोसायटीपर्यंत आली ती एका बाटलीतून. आमचे एक शेजारी निवृत्त झाल्यापासून फक्त दोन गोष्टी करतात: सकाळी फिरायला जातात आणि संध्याकाळी शक्तिवर्धक औषधे विकत घेतात. च्यवनप्राश, शिलाजित, अश्वगंधा, नोनीचा रस, कोरफड हे टप्पे त्यांनी केव्हाच ओलांडले होते. एके दिवशी त्यांनी बाटली माझ्या पुढ्यात ठेवली.

"हिमालयातली आहे," ते म्हणाले. "खास. तिकडचे लोक घेतात."

"तिकडचे लोक ती विकतात," मी म्हणालो. "घेतात इकडचे."

"तुम्हाला विश्वास नाही कशावर."

"आहे ना. आत किडा आहे यावर आहे."

"किडा?" त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. श्रावण चालू होता. मी त्यांना अळीची सगळी कुळकथा सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण आता ती बुरशीच झालीय ना? म्हणजे शाकाहारीच की." माणसाने नऊशे रुपये दिले की त्याच्या बुद्धीला जी धार येते ती कुठल्याच जडीबुटीने येत नाही. तसे पाहिले तर बाटलीत हिमालयातला किडा असण्याचा संभव फारसा नव्हताच. बाटल्यांत बहुधा तिचीच एक बहीण असते, प्रयोगशाळेत तांदळावर वाढवलेली. मी ते त्यांना सांगितले नाही. शाकाहाराचा प्रश्न आपोआप सुटला असता, पण हिमालय गेला असता.

इथपर्यंत ही गोष्ट हसण्यावारी नेता येते. यापुढे जरा अवघड आहे.

नेपाळ सरकारने २००१ साली कीडा जडी गोळा करण्यावरची बंदी उठवली. त्यानंतर दर उन्हाळ्यात हजारो माणसे कुरणांवर चढू लागली. मे-जूनमध्ये बर्फ वितळते तेव्हा ही माणसे चार हजार मीटरवर तंबू ठोकून राहतात आणि ओल्या गवतावर पोटावर सरपटत, नाक जमिनीला लावून ती काडी शोधतात. काडी बोटभर, गवताच्याच रंगाची. मुलांचे डोळे तीक्ष्ण म्हणून मुलांनाही नेतात. डोल्पासारख्या भागात त्या दिवसांत शाळा ओस पडतात. एका चांगल्या हंगामात वर्षाचा पैसा सुटतो. तिबेटात एकेकाळी ग्रामीण भागाच्या रोख उत्पन्नापैकी सुमारे ४० टक्के या एका किड्यातून येत होते, असा अंदाज आहे.

जिथे पैसा आला तिथे हद्द आली. ज्या माळावर पूर्वी फक्त याक चरत त्याच्या सीमेवरून गावागावांत वैर उभे राहिले. जून २००९ मध्ये नेपाळच्या मनांग जिल्ह्यात, नार गावच्या कुरणात, गोरखा जिल्ह्यातले सात जण किडा शोधायला आले. गावकऱ्यांनी त्या सातही जणांना ठार मारले. २०११ साली न्यायालयाने नार गावच्या १९ जणांना दोषी ठरवले. सहा जणांना जन्मठेप झाली. नार हे लहानसे गाव आहे. अशा गावातली १९ माणसे म्हणजे काय होते, हे आपल्यासारख्या चाळीत वाढलेल्यांना सांगायला नको. प्रत्येक दाराला काही ना काही लागले असणार.

आपल्या उत्तराखंडातही पिथौरागड, चमोली या जिल्ह्यांत हीच धावपळ असते. तिथे वनपंचायती आहेत. १९३१ च्या नियमांपासून चालत आलेली ही व्यवस्था. कुठल्या गावाने कुठल्या बुग्यालवर जायचे हे पुष्कळ ठिकाणी पंचायतच ठरवते. काही वर्षांपूर्वी आम्ही मंडळी मुन्स्यारीला गेलो होतो. तिथे चहावाल्याला मी विचारले, "ये कीडा जडी आप खुद खाते हैं?" तो माझ्याकडे पाहून हसला. म्हणाला, "साब, हम तो उससे बच्चों की फीस भरते हैं." मग त्याने चहाचे पैसे सुट्टे मागितले. पाचशे वर्षांच्या साऱ्या वैद्यकात या किड्याचा याहून खात्रीचा गुण मी वाचलेला नाही.

आणि आता माल कमी होतो आहे. २०२० साली या बुरशीची नोंद धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत झाली. मागच्या पंधरा वर्षांत ती निदान ३० टक्क्यांनी घटली, असे त्यात म्हटले आहे. कारण उघड आहे. काडी जितकी कोवळी तितका भाव चांगला. आणि कोवळी काडी उपटली की बीजाणू पडायच्या आधीच ती बाजारात जाते. पुढच्या हंगामाचे बियाणेच आपण विकून खातो. त्यात हवा गरम होते आहे, बर्फाचा भरवसा राहिलेला नाही, हजारो पायांनी आणि कुदळींनी गवताची कातडी सोलली जाते, सरपणासाठी झुडपे तुटतात. गवत गेले की मुळे गेली, मुळे गेली की अळी गेली. चीनमध्ये गेल्या काही वर्षांत हा किडा कारखान्यात वाढवणे जमले आहे. त्यामुळे शहरातल्या साहेबांची सोय होईल. मुन्स्यारीतल्या फीचे काय, याचे उत्तर कारखान्याकडे नाही.

उपटलेल्या अळीला तर तसाही काही फरक पडत नाही. ती आधीच मेलेली असते. प्रश्न आहे तो बुरशीच्या तावडीतून सुटलेल्या, अजून मातीत मुळे कुरतडत बसलेल्या तिच्या भावंडांचा. त्यांना कोणी शोधत नाही, कारण त्यांना भाव नाही. जिवंत थिटारोडीसची किंमत कुठल्याच बाजारात शून्य. मेला, आणि तोही नेमक्या रोगाने मेला, तरच तो सोन्याचा. पण सोन्याची ही खाण चालू राहायची तर त्या बिनभावाच्या पतंगांनीच उडायला हवे, जोडीदार शोधायला हवा, गवतावर अक्षता टाकायला हव्यात. ते उडाले नाहीत तर बुरशीला घर नाही, बाजाराला माल नाही आणि चहावाल्याच्या पोरांना फी नाही.

म्हणून तुमच्या ओळखीचे कोणी या मे-जूनमध्ये बुग्यालवर निघाले असेल तर माझा एक निरोप सांगा. पुढे उन्हाळा चढत जाईल तशा तिथल्या संध्याकाळी गवतावरून एखादे तपकिरी पाखरू थरथरत जाताना दिसू शकते. अंताक्षरी पाच मिनिटे थांबवून तंबूच्या बाहेर डोकवावे, आणि ते दिसलेच तर बॅटरीचा झोत त्याच्यावर मारू नये. चार वर्षे मातीत काढून तो बिचारा थोड्या दिवसांसाठी वर आलेला असतो, त्यातही उपाशी, आणि कामे पुष्कळ बाकी असतात.